सांगू नकोस म्हणाला होता

अविनाश गेल्याला सहा आठवडे होतील. त्यातले पाच आठवडे मी त्याच्या बायकोला, मृणालवहिनींना, टाळत होतो. आम्ही सिंगापूरमध्ये सेरंगूनला एकाच ब्लॉकमध्ये राहतो, ते नवव्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. लिफ्टचं दार उघडताना मनात एकच यायचं. आत वहिनी असल्या तर? त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तर? म्हणून मी जिना धरला. माझी बायको स्मिता म्हणाली, "व्यायाम सुरू केलास वाटतं, शाब्बास!" मीही मान हलवली. प्रश्न वहिनींनी हॉस्पिटलात विचारला होता, त्याला झाकून ठेवलं होतं त्या खोलीबाहेर... "निखिल, सकाळी बसमध्ये काही बोलला का रे तो? काही होतंय वगैरे?" आणि मी धडधडीत म्हणालो, "नाही वहिनी. नेहमीसारखाच होता."

मी मुळातच भित्रा माणूस. अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये आलो, तेव्हा साहेबाने नुसतं नाव घेतलं तरी घाम फुटायचा. तिथेच काम करणारा अविनाश माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पण दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "अहोजाहो केलंस तर डबा देणार नाही." आमच्याकडे वेल्डिंगचं काम काढायचं तर आधी परमिट लागतं, आणि जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यावर सही करायची नाही असा नियम. नियम सगळ्यांना पाठ, पण घाईत टेबलावरच सह्या व्हायच्या. माझ्या पहिल्याच महिन्यात कंत्राटदाराचा माणूस डोक्यावर उभा, साहेब घड्याळ बघतोय, मी पेन काढलं... अविनाशने कागद उचलला आणि म्हणाला, "चल वर." तीन मजले शिड्या चढून गेलो तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा, आणि ज्या पाइपवर ठिणग्या उडणार होत्या तो पेटणाऱ्या केमिकलने भरलेला. मी कठडा सोडेना. तो तिथेच खाली बसला, मलाही बसवलं. "घाबरलास ना? मग तसं म्हण की लेका. लाज कसली? न बोलणारा माणूस इथे दहा जणांना घेऊन जातो." त्यानंतर मी हळूहळू बोलायला शिकलो. काम थांबवायला शिकलो, साहेबाला "आज नाही होणार" म्हणायला शिकलो. माणूस म्हणून माझी जी काही वाढ झाली ती त्या शिडीवर सुरू झाली, असं मी खुशाल म्हणेन.

आणि त्याच माणसाने, तो गेला त्या सकाळी, माझ्याकडून वचन घेतलं. कंपनीची बस सहाला ब्लॉकसमोरून सुटते. एसी इतका की आम्ही जॅकेट घालून बसतो, आणि अविनाशच्या कपाळावर घाम. डाव्या हाताने छाती चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, "कालची मिसळ बोलतेय." मी बघतच राहिलो, तेव्हा आवाज खाली आणून म्हणाला, "आठवडाभर होतंय अधूनमधून. पण इथे कायम राहायचा, पीआरचा अर्ज आत आहे, पुढच्या महिन्यात कंपनीची मेडिकल. अनफिट लिहिलं तर मला प्लँट बंद, प्लँट बंद तर वर्क पास बंद. माझ्या सईचं ओ-लेव्हलच्या बोर्ड परीक्षेचं वर्ष आहे रे. उत्तर येऊ दे, मग दाखवतो. मृणालला सांगू नकोस. शप्पथ."

खरंच पास गेला असता का, देव जाणे. आम्ही दोघांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. पासाची भीती इथे आमच्या घराघरांत नांदते, ती कुणी तपासून बघत नाही. मी "बरं" म्हणालो, आणि पटकन म्हणालो, कारण मी तरी काय वेगळा होतो? दीड वर्षापासून मी बीपीच्या गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतोय, मेडिकलच्या फॉर्मवर "काही नाही" लिहितोय, स्मितालाही पत्ता नाही. दुपारी अविनाश कँटीनमध्ये ताट हातात घेऊन कोसळला. तेव्हापासून मला झोप नाही. डाव्या हाताला मुंगी आली तरी वाटतं, आली वेळ. आणि त्याहून मोठी भीती ही, की वहिनींना एक दिवस कळेल की मला सगळं माहीत होतं.

गेल्या रविवारी सकाळी मी नवव्या मजल्यावर गेलो. अविनाशच्या मुलीने, सईने, दार उघडलं. "अंकल, कम इन लाह," इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. वहिनी डायनिंग टेबलाशी भाजी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. घाम, छाती, मेडिकल, शप्पथ. त्यांचे हात थांबले.

"किती वाजता बोलला?"

"सव्वासहा."

"म्हणजे बस अजून शहरातच होती. हॉस्पिटल किती लांब होतं, निखिल?"

"दहा मिनिटं."

त्यांनी भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पाच आठवडे मी रोज स्वतःला विचारतेय, माझ्या नजरेतून काय निसटलं. त्याला चहा देताना त्याच्याकडे नीट पाहिलं नाही का मी..." आणि मग ओरडल्याच, "तू मला एवढं तरी सांगायचं होतंस रे!" मी माफी मागितली. ती त्यांनी दिली नाही, आणि अजूनही दिलेली नाही.

मी निघायला वळलो तर मागून वहिनींचा आवाज आला, "आणि तू स्वतःचं काय लपवलंयस?" खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमेना. गोळ्यांचं सांगितलं. "स्मिताला माहीत आहे?" मी मान हलवली, नाही म्हणून. "बोलाव तिला वर."

"वहिनी, घरी जाऊन सांगतो ना, नक्की..."

"तोही नंतरच सांगणार होता. आत्ता बोलाव."

स्मिता पिठाच्या हातांनीच वर आली आणि माझा चेहरा बघून तिचा रंगच उडाला. मी टेबलाशी बसून सांगायला सुरुवात केली. मधे एक गोष्ट गाळली, गेल्या महिन्यात प्लँटवर शिडी चढताना मला चक्कर आली होती ती. मी अडखळलो तशा वहिनी उठल्या, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "तेही सांग."