अक्कांचं लाल कार्ड

ग्राइंडिंग मशिनवरून नुकता उतरलेला शाफ्ट अक्का कधी लगेच मोजत नसत. तो तळहातावर घेत, मूठ मिटून क्षणभर उभ्या राहत आणि परत ट्रेमध्ये ठेवून देत.

"स्वल्प निवू दे, अण्णा. गरम लोखंड फुगलेलं असतं. आत्ता मोजलं तर खोटं बोलेल."

मला घाई असायची. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना पंपांचे शाफ्ट बनवतो. मी प्लॅनिंगमध्ये, म्हणजे गाडी वेळेवर सुटली नाही तर शिव्या खाणारा माणूस. अक्का तपासणीला. त्यांनी हो म्हटल्याशिवाय माल पॅकिंगला जात नसे.

मी मिरजेहून आलेलो. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन शहरातल्या जुन्या चिकपेटेत स्थायिक झालेले. सगळ्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. रोज दुपारी माझ्या टेबलाशी थांबून त्या विचारत, "जेवण झालं का अण्णा?" परगावात आपल्या भाषेत कुणी एवढं विचारलं की काय वाटतं, ते घर सोडून राहिलेल्यांना सांगायला नको.

आयटीआयमध्ये त्या टर्नर झाल्या होत्या, वर्गात एकटी मुलगी. इथे आल्या तेव्हा मालक म्हणाले, मशिनवर पदर अडकेल, तपासणीला बसा. "मी पँट घालून आले होते बघा," हे सांगताना अक्का हसत. त्या बसल्या त्या बावीस वर्षं. या काळात तपासणीचे चार इन्चार्ज झाले. चौघंही पुरुष, चौघांनाही मोजायला अक्कांनीच शिकवलेलं. त्यांचा स्वतःचा नंबर आला तेव्हा आधी लग्न व्हायचं होतं, मग मूल लहान होतं, आणि शेवटी वय झालं होतं.

"माझं बरोबर वय नेमकं कधी होतं, तेवढं कुणी सांगितलं नाही," त्या म्हणत.

अशी एखादी बाई तुमच्याही कचेरीत असेल. बाहेरगावचे ग्राहक आले की मालक केबिनमधून हाक मारत, "अक्का, चार कॉफी." अक्का हातातलं काम ठेवून कॉफी नेत. एकदा एका ग्राहकाने शाफ्टच्या गोलाईबद्दल काहीतरी अवघड विचारलं. इन्चार्ज फाइल चाळू लागला. ट्रे हातात धरूनच अक्कांनी सगळं नीट समजावून सांगितलं. ग्राहक खूश झाला आणि त्याने इन्चार्जशी हात मिळवला.

चौथा इन्चार्ज अठ्ठावीस वर्षांचा होता. हुशार होता, पण उतावळा. त्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि शाफ्ट अजून गरम होते. अक्कांनी लॉट अडवला. तो आला, स्वतः चार शाफ्ट मोजले आणि म्हणाला, "माप बरोबर आहे. सोडा."

"सर, गरम आहेत. निवले की कमी भरतील."

"अक्का, तुम्ही प्रत्येक गोष्टीला घाबरता."

माल गेला. अक्कांनी लाल कार्ड भरलं: 'गरम असताना मोजले. माझी संमती नाही.' खाली सही केली. एक प्रत इन्चार्जच्या टेबलावर ठेवली, दुसरी माझ्याकडे आणून दिली. मी ती वाचली आणि खणात टाकली.

तीन आठवड्यांनी सगळा लॉट परत आला. एकेक शाफ्ट मापाला कमी.

केबिनमध्ये आम्ही चौघे होतो. मालक रागावले नाहीत, उलट फार मऊ आवाजात म्हणाले, "अक्का, घरी काही चाललंय का? बायकांच्या डोक्यावर सतराशे साठ गोष्टी असतात. लक्ष उडतं कधी कधी."

"माझं लक्ष उडालं नव्हतं. मी कार्ड दिलं होतं."

"कसलं कार्ड?" इन्चार्ज म्हणाला. "मला मिळालं नाही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. "दुसरी प्रत अण्णांकडे आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. कार्ड खालच्या मजल्यावर माझ्या खणात होतं, वरून तिसरा कागद.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

संध्याकाळी इन्चार्ज माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला. "आपल्या दोघांना अजून बरीच वर्षं इथे काढायची आहेत," तो म्हणाला. मी खण उघडला आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने दमदाटी केली नव्हती. केली असती तर आज मला सांगायला काही कारण तरी असतं.

अक्कांना पॅकिंगला पाठवलं. तिथे कंत्राटावरच्या बायका शाफ्टना तेल लावून कागदात गुंडाळतात. पहिल्या आठवड्यात अक्का दोनदा माझ्याकडे आल्या.

"सापडलं का अण्णा?"

"शोधतोय अक्का."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. नंतर एका दुपारी त्या टेबलासमोरून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "ऊटा आयता, सार?" जेवण झालं का, हेच. पण कन्नडमध्ये, इतर सगळ्यांना विचारतात तसं. त्यानंतर त्या माझ्याशी मराठीत एक शब्दही बोलल्या नाहीत.

आठ महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला मालकांनी साडी आणि स्टीलचा डबा दिला. "अक्का म्हणजे या कंपनीची आई," असं भाषण झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत इन्चार्ज होता, आणि मीही होतो. अक्कांना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि त्या खाली बसल्या.

सुटीच्या वेळी मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो. काय बोलणार होतो, मला माहीत नव्हतं. फाटकावरच्या वॉचमनने नेहमीप्रमाणे बाईची पिशवी उघडली. साडी निघाली, डबा निघाला, आणि तळाशी मखमली पेटीत शाफ्ट मोजायचा एक जुना मायक्रोमीटर.

"हे कुठल्या सरांचं?" त्याने विचारलं.

"माझं आहे. पहिल्या वर्षी मीच घेतलेलं."

तो मान हलवत राहिला. असलं मशिनी सामान बाईचं कसं असेल? पेटीच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेलं नाव त्यांनी दाखवलं, तरी तो ऐकेना. कुणातरी साहेबाची सही हवी, म्हणाला.

मी पुढे झालो. गेटपासवर लिहिलं: 'ही वस्तू यांचीच आहे.' सही केली. वॉचमनने कागद पाहिलासुद्धा नाही, मला सलाम ठोकला आणि पिशवी सोडली. अक्कांनी पेटी आत ठेवली, तिच्यावर साडीची घडी नीट बसवली आणि त्या मेट्रोच्या रस्त्याला लागल्या.

माझ्या एका सहीला तिथे एवढी किंमत आहे, हे मला त्या दिवशी कळलं, असं मी म्हणू शकत नाही. ते मला आधीपासून माहीत होतं.