बदकं पाडणारी आक्का आणि माझे साडू

जगात टीव्हीचे दोनच प्रकार आहेत, मागे पोट असलेले आणि पोट नसलेले, आणि पोट नसलेल्यावर कधी विश्वास ठेवू नये, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. कुरकुंभला औषध कंपनीत शिफ्टा करून रिटायर झालेले हे गृहस्थ खुटबावच्या कांदाचाळीत कांद्याऐवजी जुने टीव्ही साठवतात. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही दौंडला गेलो, तेव्हा पोहे संपायच्या आत यांची नजर माळ्यावर. “मुलीला काय विचारायचं असंल तर विचारा,” असं तिचे वडील म्हणाले, तर हे विचारतात, “वरचा टीव्ही चालू हाय का?” लग्न जमलं. टीव्ही मात्र नवरीच्या आधी खुटबावला पोचला.

हा सगळा खटाटोप एका जुन्या व्हिडिओ गेमसाठी. प्लास्टिकच्या बंदुकीने पडद्यावरची बदकं पाडायची. “पाव्हणं, नव्या टीव्हीत बदकाच्या अंगावर चौकोन चौकोन, विटा दिसत्यात. जुन्यात रंग एकमेकांत मिसळत्यात, म्हणून पिसं दिसत्यात,” ते मला समजावतात. मी मान डोलावतो. मला दोन्हीकडे विटाच दिसतात. नेम मात्र आक्काचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. रोज संध्याकाळी डाळीचा कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या होईतो दहा बदकं पाडायची, हा तिचा नेमच होता.

गेल्या वर्षी ती ज्यावर खेळायची त्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली, आणि चाळीतले बाकीचे बंदच होते. लेकीने भिंतीवरचा नवा टीव्ही आणला. आक्काने दहा गोळ्या झाडल्या, एक बदक पडेल तर शपथ. “माजंच हात कापाया लागल्यात,” बंदूक ठेवत ती म्हणाली. ही बंदूक जुन्या टीव्हीचाच उजेड ओळखते, हे साडूंनी परोपरीने सांगितलं. “ऱ्हाऊ द्या. मला बरं वाटावं म्हणून सांगताय.” त्यानंतर संध्याकाळी ती नुसती शेंगा फोडत बसायची.

साडू आठ दिवस चाळीतून हलले नाहीत. तीन टीव्ही मोडून त्यांनी एक उभा केला. मी तिथे गेलो होतो त्या संध्याकाळी आक्का नको नको म्हणत बसली आणि पहिलंच बदक धपकन पडलं. मग दुसरं, तिसरं. तिचा हात खरोखरच थरथरत होता, तरी दहाच्या दहा पडली. पदराने तोंड पुसत, बंदूक साडूंपुढे धरत ती म्हणाली, “आता तुमी बसा.”

तो टीव्ही अर्ध्या तासात तापतो, चित्र आक्रसत जातं. मला रस्त्यापर्यंत सोडायला आले तेव्हा साडू हळूच म्हणाले, “चाळीत आता जोडण्यासारखा एकबी उरला न्हाई. तिला बोलू नगा.” आयुष्यभर मी या माणसाची टिंगल केली, त्याची मला त्या वेळी लाज वाटली. मी आक्काला काही बोललो नाही.