शोभाबाईचा पाय

शोभाबाई जन्मली ती पायांकडून. अमळनेराकडच्या खेड्यात सुईणीच्या हाती आधी तळवे लागले, मग पोर. अशा माणसाला पायाळू म्हणतात, आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्या खानदेशात धरूनच चालतात. परकराच्या वयापासून ती लोकांच्या पाठींवर पाय देत आली. लग्न होऊन सुरतेला लिंबायतच्या गल्लीत आली, तर तिच्या आधी तिच्या पायाची कीर्ती तिथं पोचलेली. लूमवर उभं राहून कंबर धरलेले कारागीर, साड्यांना टिकल्या चिकटवून अवघडलेल्या बाया, सगळे तिच्या दाराशी पालथे पडत. नवरा लोटू म्हणायचा, मी लूम चालवतो, ही माणसांवर चालते. त्या पायाचा शोभाबाईला तोरा होता, आणि खोटं कशाला बोला, चारचौघींत तिला मान होता तो त्यामुळंच.

सासू झेलाबाई जिभेची तिखट, अंगानं काटकुळी. प्लेगच्या भीतीनं सुरत पळाली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिनं एक तक्रार धरली. नवं लुगडं जमिनीवर लोळतंय, पन्हा मोठा निघाला, रुंदीच जास्त. लोटू कापडातलाच माणूस. त्यानं पन्हा मोजून दाखवला, जुन्याइतकाच भरला. मग म्हातारीनं जुनं लुगडं नेसून पाहिलं, तर तेही लोळलं. तुमच्या सुरतेच्या पाण्यात कापड वाढतं, म्हणाली, आणि गल्ली पोट धरून हसली. म्हातारीच आखूड होत चालली आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाठ दुखते म्हणायची, तर कुठल्या म्हातारीची दुखत नाही?

संक्रांतीच्या सुमाराला कळशी उचलताना तिच्या पाठीत कळ गेली. ती गोधडीवर पालथी झाली आणि सुनेला म्हणाली, "शोभा, पाय दे व माय."

शोभाबाईनं नेहमीसारखाच पाय दिला, जरा भार टाकला. पायाखाली वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी खचलं. तळव्याला ते कळलं. म्हातारीनं श्वास ओढला आणि तोंड गोधडीत दाबलं.

सरकारी दवाखान्यात फोटो काढला. एक मणका ताजा चेपला होता, आणि त्याच्या वरचे आधीच कधीतरी चेपलेले. शोभाबाईनं नवऱ्यादेखत डॉक्टरांना सांगून टाकलं की मी पाय दिला. डॉक्टर म्हणाले, हाडं आतून पोकळ झालीत. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं झिजतात, त्यात जन्मभर अर्धपोटी खाणं. उंची घटली ती त्यानंच. आता हे कळशीनं मोडलं की पायानं, ते सांगता येणार नाही. पण अशा पाठीवर पाय पडायलाच नको होता. घरी आल्यावर लोटू बायकोशी कामापुरतंच बोले.

वॉर्डातल्या नर्सबेननं निघताना सगळं करून दाखवलं होतं. हाताला धरून ओढायचं नाही. कुशीवर वळवायचं तर खांदा आणि कंबर एकदम, ओंडका लोटावा तसं, पाठीला पीळ पडता कामा नये. गुडघ्यांमध्ये उशी. टाचा आणि माकडहाड रोज बघायचं, लाल दिसलं तर त्या जागी भार नको. आणि दुखणं सोसवेल इतकं उतरलं की उभं करायचंच. नुसतं पडून राहिलं की हाड आणखी विरघळतं, मग म्हातारी खाटेवरून उठत नाही.

सुरुवातीला सासूला हात लावायलाही शोभाबाई धजेना. हळूहळू वळवणं, पुसणं, लघवीचं भांडं देणं जमलं. दूध, तीळ, नागलीची भाकर, दवाखान्याच्या गोळ्या. सकाळी खाट दाराशी, उन्हात. पाय अडकेल असं पायपुसणं, चिंधी, वायर तिनं वाटेतून उचलली. पण उभं करायचा दिवस ती पुढं ढकलत राहिली. शेजारणी म्हणत, राहू दे पडून, पुन्हा मोडलं म्हणजे? ते ऐकून तिला बरंच वाटे. उसण घेऊन कुणी आलं तर ती दार लोटून घेई.

एका सकाळी तिनं भांडं पुढं केलं, तर झेलाबाईनं ते बाजूला सारलं.

"माले मोरीलगून जानं शे. उठाड."

"पडशात तुम्ही, आत्या."

"खाटवर पडी ऱ्हाईसन मरापेक्षा पडीसन मरेल बरी."

शोभाबाईनं तिला कुशीवर घेतलं, पाय खाली सोडून बसवलं, दम खाऊ दिला. कमरेभोवती टॉवेल गुंडाळून दोन्ही टोकं मुठीत धरली. आता शेवटची गोष्ट उरली होती. नर्सबेननं सांगितलं होतं, उठवताना आपला पाय तिच्या बोटांपुढं आडवा लावायचा, म्हणजे तिचा पाय सरकत नाही. शोभाबाईचा पाय जागचा हलेना. म्हातारीनं खाली पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडं.

"पाय दे व माय," ती म्हणाली. "पाठवर नको फक्त."

शोभाबाईनं पाय लावला. त्याच्या कडेला म्हातारीची थंडगार बोटं टेकली, भार आला आणि झेलाबाई उभी राहिली. पूर्वी सुनेच्या कानाला लागायची, आता वाकून जेमतेम खांद्याला. लुगड्याचा काठ फरशीवर पसरलेला.

"पन्हा मोठाच शे," झेलाबाई म्हणाली. "वर घे, नाहीतर अडकसू."

शोभाबाईच्या दोन्ही मुठी टॉवेलात. रातपाळी करून आलेला लोटू दारात उभा होता, कधीपासून कोण जाणे. तो आत आला, खाली वाकला आणि त्यानं मायच्या लुगड्याचा काठ घोट्याच्या वर उचलून धरला.

"तू तिले धर," तो बायकोला म्हणाला. "लुगडं मी धरस."

तसाच वाकून तो मोरीपर्यंत त्यांच्यासोबत गेला.