अहो, नीट धरा

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, आणि निबंधात मला कधी बरे गुण मिळाले नाहीत. तरीही लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी. पण हडपसरच्या आमच्या घरमालकीण काकूंइतकं वाऱ्याशी उघड वैर धरलेलं माणूस उभ्या पुण्यात दुसरं नसेल, आणि हे कुणीतरी लिहायला हवं असं मला वाटतं. भर उन्हाळ्यातही काकूंना पंखा एकवरच लागायचा. मी दोनवर केला की म्हणायच्या, "उडायचंय का तुला? मग गच्चीवर जा."

या वैराला कारण होतं. काकू जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवायच्या आणि रविवारी खराडीला आयटी पार्कच्या आवारात हस्तकलेची जत्रा भरायची, तिथं छोटा पांढरा तंबू लावून विकायच्या. खाली सगळी फरशी, खुंटी ठोकायची सोय नाही. पहिल्याच रविवारी वावटळ आली आणि तंबू गोधड्यांसकट पार्किंगमधल्या एका मोटारीवर जाऊन बसला. "गाडीला थंडी वाजत असेल," काकू म्हणाल्या. पण जत्रेचा व्यवस्थापक तरुण पोरगा हसला नाही. "आंटी, प्रत्येक लेगला वेट मस्ट आहे. नाहीतर नेक्स्ट टाइम स्टॉल नाही."

काकूंनी आधी तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून पाहिलं. त्याला लहान मुलं अडखळायला लागली. मग एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून काकांच्या दोन निळ्या पँटी काढल्या. काका ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, त्यानंतर काही वर्षं ते खिडकीशी बसून राहिले आणि मग गेले. गणवेशाच्या त्या पँटी मात्र इस्त्री करून ठेवलेल्या होत्या. "लेगला वेट म्हणाला ना तो? मग लेगच घेते," म्हणत काकूंनी चारही पाय कापले, खालून दुहेरी शिवण घातली, समोरच्या टॉवरच्या कामावरून मागून आणलेली वाळू भरली आणि वर परकराची नाडी ओवली. एका पायात वाळू जरा जास्तच गेली. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "तो उजवा आहे. उजव्यावर जोर देऊन चालायचे."

काकूंनी काकांचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. तंबूला वजनं बांधताना त्या प्रत्येक पायावर थापटी मारून म्हणायच्या, "अहो, नीट धरा हं." एकदा गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ जाता जाता थांबला. "काय धरू, काकू?" काकूंनी क्षणभरही न लाजता त्याच्या हातात गोधडी दिली. "ही धरा. बायकोला आवडेल." त्यानं घेतली.

माझी फजिती वेगळी. आमच्या वाशीमकडच्या घरात कधी कुणी दुकान चालवलं नव्हतं. पहिल्या दिवशी ऊन उतरल्यावर काकू म्हणाल्या, "चल, आता वाढवूया." मी उत्साहानं पिशवीतली उरलेली दुपटीही टेबलावर मांडली. काकू बघतच राहिल्या. "अरे, दुकान बंद करणं म्हणजे वाढवणं. बंद म्हणू नये. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात." मी विचारलं, "मग काकांचा कारखाना?" "तो मात्र बंदच झाला. मालकाला मराठी येत नसावी."

पुढे डॉक्टरांनी काकूंना ओझं उचलायची मनाई केली. त्यांची मुलगी, ताई, बंगळूरला असतात. त्यांचे फोन वाढले. "आई, पुरे आता. इकडे ये." काकू ऐकेनात. मला म्हणाल्या, "तंबू उभा आहे तोवर मी माझ्या घरात. तो उतरला की मी तिच्या गेस्ट रूममध्ये." मग वजनं मी उचलायला लागलो. काकू स्टुलावर बसून थापट्या तेवढ्या मारायच्या.

मी गावी निघण्याआधीच्या शेवटच्या रविवारी फार वारा सुटला. आजूबाजूचे तंबू सरकले, एक उलटला. आमचा जागचा हलला नाही. काकूंचा हात उजव्या पायावर होता. "नोकरी गेल्यावर म्हणायचे, माझा आता कुणाला काही उपयोग नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आता बघ म्हणावं."

परीक्षा संपवून मी गावी आलो. निघताना काकूंनी बजावलं होतं, पुढच्या जत्रेच्या आत परत ये, यांना उचलायला कुणी नाही. मी तिकीटही काढलं होतं. काल सकाळी ताईंचा फोन आला, बंगळूरहून नव्हे, हडपसरच्या घरातून. आवाज बसलेला होता. म्हणाल्या, "आईनं स्टॉल वाढवला रे."

त्या शब्दाचा अर्थ मला काकूंनीच शिकवला होता. तरी मी विचारलं, "केवढा मोठा केला?"

ताईंच्या मागे घरात पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत होती, तेवढंच ऐकू येत होतं.