रांधणं विहिरीपासून

वांगणीच्या लाडक्याला विचारा, रांधणं म्हणजे काय. तो म्हणेल, चुलीवर ठेवायचं अन् उतरवायचं. त्याच्या बायकोचा, फागीचा, सगळा जन्म या एका शब्दात गेला आणि नवऱ्याला त्याचा एवढाच अर्थ कळला! कपाळाला हात लावायचा, दुसरं काय?

खोडाळ्याला दिलेली त्यांची लेक सुनिता दिवस भरून बसली होती. पहिल्या बाळंतपणाला फागीला जाता आलं नव्हतं, कारण लाडक्याला रांधून कोण घालणार? या खेपेला मात्र जायचंच, असं तिने ठरवलं होतं. म्हणून ती त्याला रोज चुलीपुढे बसवून शिकवत होती. पाण्याला उकळी आली की नागलीचं पीठ टाकायचं, चांगलं मळायचं, मग थापायचं. या बाबाने कोमट पाण्यातच पीठ ओतलं. भाकर तव्यावर पडण्याआधीच फाटली, आणि दोष कुणाला? पिठाला! वर ऐट अशी, की ठाण्याला बांधकामावर मीच सगळ्यांना रांधून घालायचो. तिथे तो नुसते कांदे सोलत असे, हे फागीला पक्कं माहीत होतं.

निघायच्या दिवशी ती रस्त्यावर जीपची वाट बघत उभी होती, तोच लाडक्या धापा टाकत आला. हातात रिकामा हंडा.

"फागी, पानी सरलं."

"सरलं? सकाळी तर भरून ठेवलेलं!"

"तांदूळ धुतलं, मग आंघोळ केली. आता रांधू कसा?" असं म्हणत त्याने हंडा तिच्यापुढे धरला.

फागीचं डोकंच फिरलं. तिने हंडा घेतला आणि त्याच्याच डोक्यावर ठेवला.

"रांधणं विहिरीपासून लागतं. जा."

"बाया हसतील ना!" वांगणीत कुठला बाप्या डोक्यावर हंडा वाहतो?

"हसू दे. अंगात ताप घेऊन मी पानी वाहिलं, तवा कुनी हसलं नाय अन् कुनी रडलंबी नाय."

जीप आली. फागी चढून बसली. लाडक्या विहिरीकडे गेलाच नाही, हंडा काखोटीला मारून सरळ घराकडे वळला. उतरावं म्हणून तिचा हात दांडीकडे गेला. मग तिला संताप आला, त्याचा कमी आणि आपल्या हाताचा जास्त. उपाशी निजला तर निजला.

"चल रं," ती ड्रायव्हरला म्हणाली, "माझी पोर वाट बघते."