सर्व्हर कोण अडवतंय?

सर्व्हरवरच्या जुन्या फायली आम्ही नेमाने पुसायचो, किस्से मात्र पुसायचे राहून गेले! फतेगंजमधलं आमचं ते छोटं ऑफिस कधीच बंद झालं, पण जुनी मंडळी चहाला जमली की कोणीतरी म्हणतंच, "सुलभाताई आठवतात?"

बडोद्यात इंटरनेट नुकतं घराघरांत शिरत होतं. आम्ही एका ट्रॅव्हल्सवाल्याची बसबुकिंगची साइट चालवायचो. सर्व्हर सांभाळायच्या सुलभाताई मोहिते. राहायला जुन्या शहरातल्या वाडी भागात. पणजोबा संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते. ताईंच्याही रक्तात पहारा! ऑफिसचे मालक किरीटभाई. त्यांचा सगळ्या जगावर संशय.

थ्रेड म्हणजे काय, हे ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "तिकीटखिडक्या समज. जितके थ्रेड, तितक्या खिडक्या. आणि खिडकीशी नुसत्याच उभ्या राहिलेल्या माणसाला किती वेळाने बाजूला करायचं, तो टाइमआउट."

*

दुपारी जेवणानंतर साइट अडकायला लागली. रोज! किरीटभाई म्हणाले, "कोई दुश्मन छे. मुद्दाम जाम करतोय."

ताईंनी सर्व्हरवर पाहिलं. निम्म्याअधिक खिडक्या एकाच माणसाने अडवलेल्या, आणि तो आमच्याच ऑफिसातला! आम्ही एकमेकांकडे चोरासारखे बघायला लागलो. ताई प्रत्येकाच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन आल्या आणि शेवटी किरीटभाईंच्या केबिनमध्ये शिरल्या. साइट चालू आहे ना, या संशयाने भाई तीच साइट पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

"दुश्मन सापडला," ताई म्हणाल्या. "तुमच्याच खुर्चीत बसलाय!"

*

हरणीहून एका काकांचा फोन आला, ताईंनी उचलला. "खिडकीची सीट तुम्ही नातेवाइकांसाठी दाबून ठेवता! मी निवडली की तुमची साइट मला बाहेर काढते."

"काका, सीट निवडून तुम्ही कुठे गेला होतात?"

"आंघोळीला!"

"मग साइट तेवढा वेळ थांबेल का?"

"अहो, बस थांबते माझ्यासाठी! तुम्हाला काय झालं?"

*

मध्येच किरीटभाईंनी मुंबईहून एक कन्सल्टंट आणला. त्याने ताईंना न विचारता टाइमआउट झीरो केला. म्हणे, झीरो म्हणजे कोणासाठी थांबायचंच नाही! आमच्या सर्व्हरवर मात्र झीरो म्हणजे उलटं, कोणाला कधीच हाकलायचं नाही. जो आला तो चिकटला, आणि साइट बंद!

पुढच्या वेळी साहेब आले, तेव्हा ताईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. संध्याकाळ व्हायला आली तरी आत बोलावणं नाही. शेवटी त्यांनी चिडून विचारलं, "किती वेळ बसायचं?"

"झीरो!" ताई म्हणाल्या.

*

आणि ती दिवाळी. बुकिंगला झुंबड उडालेली. साइट पडली तर ट्रॅव्हल्सवाला काम काढून घेणार, म्हणजे ऑफिसला कुलूपच. किरीटभाई म्हणाले, "थ्रेड वाढवा." ताई म्हणाल्या, "नाही. मशीनला झेपणार नाही."

त्यातच कोणीतरी भाईंच्या कानात सांगितलं की सुलभाबेन अलकापुरीत दुसऱ्या कंपनीत शिरताना दिसल्या. झालं! भाईंनी सर्व्हररूमची किल्ली मागितली. ताईंनी किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी गेल्या.

भाईंनी माझ्याकडून थ्रेड वाढवून घेतले. थोड्या वेळात सर्व्हर जो गोठला, तो हलेचना. ट्रॅव्हल्सवाल्याचे फोनवर फोन! भाईंनी मला सोबत घेतलं, "तू मराठीत समजाव," म्हणून. वाडीच्या गल्लीत चालत चालत आम्ही ताईंचं घर गाठलं. मी काही समजावायच्या आत ताईंनी पायात चपला घातल्या.

ऑफिसात येऊन त्यांनी थ्रेड पहिल्यापेक्षाही कमी केले, टाइमआउट आखडला. खिडक्या थोड्या, पण रांग सरकती. साइट धावायला लागली! भाईंनी मोठा श्वास सोडला, पण संशय काही सुटेना.

"बेन, त्या कंपनीत कशाला गेला होतात?"

"इंटरव्ह्यूला. इथे कोणाचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून गेले होते. तिथे त्यांनी आपल्या सर्व्हरचा पासवर्ड विचारला. उठून आले."

भाईंनी किल्ली खिशातून काढून ताईंच्या हातावर ठेवली. डोळे ओले झाले होते त्यांचे. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"बेन, पण पासवर्ड काय आहे?"

ताई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "त्यांनीही अगदी असंच विचारलं होतं, किरीटभाई!"