कोण कुठली ही माणसं

जव्हारच्या स्टॅण्डबाहेर आमच्या काळ्या-पिवळ्या जीप लागतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि दुपारची भरता भरत नाही. तेवढ्या वेळात आम्ही ड्रायव्हर लोक बॉनेटला टेकून गप्पा मारतो. डिझेल, टायर, पोरांच्या शाळा, सगळं बोलून झालं की कुणीतरी म्हणतं, "काल काय झालं, ऐका." असे किस्से साठत जातात. मी खोडाळ्याच्या लाईनवर असतो. देवळात फारसं जाणं होत नाही. पण देवाची माया म्हणजे काय, असं कुणी विचारलं, तर मला या किश्श्यांतली अनोळखी माणसंच आठवतात.

* * *

आमच्यात सगळ्यात जुने देवजीकाका. श्रावणात एकदा ते नाशिककडून भरलेली जीप घेऊन येत होते. घाटात धुकं इतकं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. त्यात वायपर बंद पडला. गाडीत बाया-पोरं, एका अंगाला दरी. काका मान बाहेर काढून गाडी चालवत होते.

मागून एक ट्रक आला, हॉर्न देऊन पुढे गेला आणि चक्क हळू झाला. दोन्ही इंडिकेटर चालू ठेवले. वळण आलं की थांबायचा, काकांची जीप जवळ आली की पुढे सरकायचा. असा त्यानं सगळा घाट पार करून दिला. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काकांनी हात केला, तर हॉर्न वाजवून निघून गेला.

"ड्रायव्हर कोण होता, काका?"

काका म्हणाले, "तोंड दिसलंच नाय ना. म्हणून तर आता कुठल्याच ट्रकवाल्याला शिवी देता येत नाय."

* * *

मोखाड्याहून एक मॅडम माझ्या गाडीत बसल्या. जव्हारच्या ऑफिसात बदली झालेली, पहिलाच दिवस, कडक इस्त्रीची साडी. शेजारी पाड्यावरची एक बाई, मांडीवर पोर. वळणं लागली आणि पोर ओकलं ते थेट मॅडमच्या साडीवर! आई बिचारी पदरानं पुसायला लागली.

मॅडमनी बाटली काढली आणि आधी पोराचं तोंड धुतलं. "घाबरू नका हो. साडी धुता येते," म्हणाल्या आणि त्याला आपल्याकडे घेतलं. ते त्यांच्याच मांडीवर झोपून गेलं.

ऑफिसच्या वळणावर मी गाडी थांबवली, तर हळूच म्हणाल्या, "तुम्ही स्टॅण्डवर चला. तो झोपलाय. मी तिथून चालत येईन."

* * *

आषाढात रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं. गाडीत एक म्हातारबाबा. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं, उशीर झाला तर परत कधी नंबर लागेल कुणास ठाऊक. ते सारखे "सुटल का रस्ता?" विचारत होते.

खाली खाचरात भाताची लावणी चालू होती. तिथली माणसं हातातली रोपं ठेवून वर आली, कुऱ्हाडी आणल्या आणि भर पावसात झाड तोडून बाजूला केलं. मी विचारलं, "तुमच्या गावचं कुणी आहे का गाडीत?"

एकजण कुऱ्हाड खांद्यावर टाकत म्हणाला, "आमच्या गावचं नाय. पण कुणाच्या तरी गावचं असंलच ना."

बाबा वेळेवर पोचले.

* * *

हा किस्सा माझ्या घरचा. माझी बायको सुनंदा नाशिकला दवाखान्यात होती. मोठं ऑपरेशन झालेलं, एका हाताला सलाईन, दुसरा उचलवत नव्हता. केसांच्या जटा झालेल्या. मी विंचरायला गेलो की तिला दुखायचं आणि ती रडायची. जगते की नाही, असं मला वाटत होतं.

शेजारच्या खाटेपाशी मालेगावची एक म्हातारी मुसलमान बाई आपल्या सुनेसाठी राहिलेली. ती उठली, स्वतःचा कंगवा घेऊन आली आणि मला म्हणाली, "तुम हटो बेटा." एकेक बट हातात धरून तिनं गुंता सोडवला, वेणी घातली. मग रोज घालायची. सुनंदा त्या वेणीच्या वेळेची वाट बघायला लागली, मग जेवायला लागली.

एके दिवशी सुनंदा झोपेत असताना म्हातारीच्या सुनेला घरी सोडलं. म्हातारी आमच्या उशाशी कंगवा ठेवून गेली. नावही विचारायचं राहिलं.

तो कंगवा आमच्या देव्हाऱ्यात आहे. येणारेजाणारे विचारतात, हा कुठला देव? सुनंदा सांगते, "मालेगावचा."

* * *

आमच्या जव्हारकडच्या वांगणीचा मंगळ्या मुका. मजुरांच्या टोळीबरोबर भिवंडीकडे बांधकामाला गेला आणि तिथं चुकला. टोळी परत आली, हा नाही. लिहिता येत नाही, गाव सांगता येत नाही. आईनं दोन पावसाळे वाट बघितली.

तिकडं एक उत्तरेकडची बाई चहाची टपरी चालवते. तिनं त्याला टपरीमागे झोपायला जागा दिली, खायला घातलं. गाव विचारलं की हा गाल फुगवून, हातात काहीतरी लांब धरल्यासारखं करून पाय नाचवायचा. बाई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते करून दाखवायला लावायची. शेवटी एकजण म्हणाला, "हा तर तारपा वाजवतोय, वारल्यांचं ते भोपळ्याचं वाद्य. जव्हारकडचा असणार."

बाईनं टपरी बंद केली आणि त्याला घेऊन आमच्या स्टॅण्डवर आली. प्रत्येक जीपपाशी थांबून विचारत होती, "ये किसका है?"

देवजीकाकांनी त्याला ओळखलं. एका लग्नात त्याचा तारपा ऐकला होता. त्या दिवशी मी खोडाळ्याची लाईन सोडली आणि दोघांना वांगणीला नेलं.

आई दारात नागली पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. पोराचे कान, खांदे, बोटं चाचपून बघितली. मग बाईचा हात धरला तो सोडेचना. हिला हिंदी येत नाही, तिला इकडची बोली येत नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. नंतर आईनं नागलीची भाकर करून तिला वाढली, आणि ती जेवेपर्यंत समोरून हलली नाही.

परत येताना बाई माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होती. मी विचारलं, "ताई, तुम्ही त्याच्या कोण लागता?"

ती म्हणाली, "कोई नहीं, भैया. मेरे यहाँ चाय पीने आता था."